सेंट अँड्र्यूजच्या हिरवळीवर

एडिंबराहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात फोर्थच्या खाडीवरील तांबड्या लोखंडी पुलावर चढते. १८९० साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल आजही तितक्याच दिमाखात उभा आहे. आमचे दादा पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे ते खिडकीच्या काचेला नाक लावून त्याच्या तुळया मोजत होते. शेजारी बसलेल्या वहिनींचा हात मात्र दादांच्या कोपरावरून हलला नव्हता. गाडी चालू होती, दादा बसलेले होते, पडण्याचा काही संभव नव्हता. तरी हात तिथेच होता.

वाचकहो, हा हात तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. कुणी तो धरत असेल, कुणाचे कोपर त्या हातात असेल. दादा आज ७१ वर्षांचे आहेत. या प्रवासाच्या दोन वर्षे आधी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, अर्धा सांधा बदलला, तीन महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले. क्ष-किरण चित्रात सारे ठीक होते. माणूस मात्र घरात बसला. भाजी आणायला जाणे बंद, जिना बंद, पाण्याचा तांब्यासुद्धा वहिनी उचलून देणार. पडण्याची भीती पडण्याइतकीच घातक असते, हे मी दवाखान्यात रोज सांगतो. पण माझ्याच घरात ते कुणी ऐकत नव्हते. पुतण्या एडिंबऱ्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे हे दोघे तीन महिन्यांसाठी गेले होते आणि तिथेही दिवसभर खिडकीत बसून होते. मी आणि माझी पत्नी जूनमध्ये तिकडे गेलो, तेव्हा हट्टाने दोघांना घेऊन तीन दिवसांसाठी सेंट अँड्र्यूजला निघालो.

गावाला रेल्वे नाही. होती ती १९६९ साली बंद झाली. लूकर्स या स्थानकावर उतरून बसने आठ किलोमीटर जावे लागते. गाव लहान, दगडी, समुद्राकाठचे. एका टोकाला पडक्या कॅथेड्रलचे मनोरे, दुसऱ्या टोकाला ओल्ड कोर्स हे गोल्फचे मैदान. या खेळाचे माहेर म्हणून जग याच गावाला ओळखते. स्कॉटलंडच्या राजाने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती, कारण तरुण धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावत. बंदी टिकली नाही, खेळ टिकला.

शनिवारी दुपारी आम्ही अठराव्या होलच्या कुंपणाशी उभे राहिलो. मैदान गावाला इतके लागून आहे की ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा सार्वजनिक रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलच्या गवतातून आडवा जातो. माणसे पिशव्या घेऊन, कुत्री घेऊन रस्ता ओलांडत होती आणि खेळाडू काठी टेकून थांबले होते. दादांना हे फार आवडले. मग त्यांनी विचारले, "अरे, पण हे नेमके करतात काय?"

तुम्हालाही हाच प्रश्न असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सव्वाचार इंच व्यासाचा एक खळगा म्हणजे होल. त्याच्यापासून दूर, शे-दीडशे यार्डांपासून पाचशेच्याही पुढे कुठेतरी, सुरुवातीची सपाट जागा असते. तिला टी म्हणतात. तिथून लहानशा खुंटीवर चेंडू ठेवून पहिला फटका मारायचा, मग चेंडू जिथे पडेल तिथे चालत जायचे आणि तिथून पुढचा. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, बाजूचे वाढलेले गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. खळग्याभोवती गालिच्यासारखे बारीक कापलेले गवत असते ते ग्रीन. तिथे पोहोचल्यावर चेंडू उडवायचा नाही, पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने जमिनीवरून ढकलायचा. असे अठरा होल. ज्याचे फटके कमी तो जिंकला. बाकी सगळे नियम या एका वाक्याची टीप आहेत असे समजा.

अठराच का? तर सेंट अँड्र्यूजमध्ये पूर्वी एका फेरीला बावीस होल होते. १७६४ साली काही होल एकमेकांत जोडले आणि फेरी अठराची झाली. पुढे जगाने तेच मानले. अठराव्या ग्रीनच्या अलीकडे जमिनीत एक खोलगट भाग आहे, त्याला 'पापाची दरी' म्हणतात. चौदाव्या होलवरच्या पुरुषभर खोल बंकरचे नाव 'नरक'. दादा म्हणाले, "पाप आणि नरक दोन्ही इथेच, मग स्वर्ग कुठे?" वहिनी हसल्या. कोपरावरचा हात तसाच.

दुसऱ्या दिवशी रविवार. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि सारे मैदान फिरायला खुले. ही जमीन गावाची आहे, कुणा धनिकाच्या क्लबाची नाही. हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे गोल्फ म्हटले की उंच भिंत, फाटक आणि सदस्यत्वाची न परवडणारी रक्कम आठवते. इथे मुले चेंडू खेळत होती, आजोबा-आजी नातवंडांची बाबागाडी ढकलत होते. ज्या गवतावर जगातले मोठे खेळाडू पाऊल टाकतात, त्यावरून आमच्या वहिनी साडीवर कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून चालल्या. स्विल्कन नावाच्या ओढ्यावर लहानसा कमानीचा दगडी पूल आहे, धनगरांनी मेंढ्या नेण्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेला. दादांनी तिथे उभे राहून कमानीचे दगड निरखले आणि बांधकामाला पसंतीची मान डोलावली.

अशा समुद्रकाठच्या रेताड जमिनीला लिंक्स म्हणतात. शेतीला निरुपयोगी, झाडे नाहीत, पाणी लगेच मुरते, गवत आखूड. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेत उकरलेले खड्डे म्हणजे पहिले बंकर, असे सांगतात. मैदान काठाकाठाने लांब जाते आणि वळून परत येते, म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या खेळाडूंना एकच मोठे ग्रीन वापरावे लागते. दुसरा आणि सोळावा होल एका ग्रीनवर, तिसरा आणि पंधरावा एका, चौथा आणि चौदावा एका. दादांनी क्षणभर थांबून म्हटले, "बेरीज अठरा." खरेच, अशा सातही जोड्यांची बेरीज अठराच येते. गेल्या दोन वर्षांत त्यांना स्वतःहून काही मोजताना मी पाहिले नव्हते. आणि कालपासून हे दुसऱ्यांदा.

आम्ही दीड किलोमीटर चालून परतलो. संपूर्ण फेरी चालली तर एकंदर आठ-दहा किलोमीटर होतात आणि चार-साडेचार तास लागतात. माझ्या दृष्टीने या खेळाचे औषध तिथे आहे, फटक्यात नव्हे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेने सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासून २००८ साली निष्कर्ष मांडला की त्याच वयाच्या, त्याच आर्थिक स्तरातील इतर लोकांपेक्षा त्यांचे मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. अशा आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जो आजारी आहे तो मैदानावर जातच नाही, म्हणून मैदानावरचे लोक निरोगी दिसणारच. पण उन्हात, गवतावर, मित्रांशी बोलत चार तास चालणे शरीराला वाईट असेल असे मला कुणी सिद्ध करून दाखवलेले नाही.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींमधल्या दफनभूमीत ओल्ड टॉम मॉरिस यांची समाधी पाहिली. हे गावचे जुने ग्रीनकीपर, म्हणजे मैदान राखणारे. १८६७ साली ४६व्या वर्षी त्यांनी ओपन स्पर्धा जिंकली. इतक्या वयाचा विजेता त्या स्पर्धेला पुन्हा मिळालेला नाही. मुलगा टॉमी त्यांच्याहून गुणी, पण १८७५ साली चोविसाव्या वर्षी गेला. वडील त्यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक जगले आणि म्हातारपणीही खेळत राहिले. १९०८ साली, ८६व्या वर्षी, एका क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला.

हे शेवटचे वाक्य मी बोलून गेलो आणि जीभ चावली. वहिनी माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "बघा भावोजी, पडूनच ना?" मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "अगं, पण शहाऐंशीव्या वर्षी. तोवर चालत होता." त्यावर कुणाचेच उत्तर नव्हते. जिना खरोखरच घातक असतो, त्याला कठडा हवा आणि दिवा हवा, हे वैद्य म्हणून मला मान्य आहे. पण जिन्याच्या भीतीने गवतही सोडावे का, हा वेगळा प्रश्न.

रात्री चहा घेताना गुण कसे मोजतात ते निघाले. दहा वाजत आले तरी बाहेर उजेड होता. प्रत्येक होल निष्णात खेळाडूने किती फटक्यांत पूर्ण करावा, याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. तो अंतरानुसार तीन, चार किंवा पाच. त्यात ग्रीनवरचे दोन फटके धरलेले असतात. ओल्ड कोर्सचे एकूण पार ७२. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी, दोन जास्त म्हणजे डबल बोगी. चेंडू हरवला किंवा पाण्यात गेला तर दंडाचा फटका मिळवायचा. आपले फटके आपणच मोजायचे; पंच नसतो. वहिनींनी लगेच विचारले, "म्हणजे खोटे लिहिले तर?" आपल्याबरोबर खेळणारा आपल्या कार्डावर सही करतो, पण मुख्य भरवसा खेळणाऱ्याच्या सचोटीवरच.

मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते ती हँडिकॅपची कल्पना. आपण पूर्वी जे फटके नोंदवलेले असतात, त्यांवरून आपल्याला सवलतीचे फटके मिळतात. नवशिक्याला ही सवलत जास्तीत जास्त ५४ असते. समजा, आजोबांचा हँडिकॅप २८ आहे आणि त्यांनी फेरीला शंभर फटके घेतले, तर निव्वळ ७२ झाले. नातवाचा हँडिकॅप ६ आणि फटके ८०, निव्वळ ७४. आजोबा जिंकले, आणि कुणी मुद्दाम हरल्यामुळे नव्हे. वृद्धाला बरोबरीने खेळवणारे असे खेळ फार थोडे आहेत.

दुसरी युक्ती एका डॉक्टराची आहे, म्हणून तिचा मला जरा जास्तच अभिमान. फ्रँक स्टेबलफोर्ड हे शल्यचिकित्सक. एखाद्या होलवर दहा-बारा फटके गेले की खेळाडू खचतात आणि पुढची फेरी सोडून देतात, हे त्यांनी पाहिले. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी येथे १९३२ साली त्यांनी फटक्यांऐवजी गुण मोजण्याची पद्धत अमलात आणली. सवलतीचे फटके वजा करून पार आले तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन कमी तर चार. दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य. चेंडू उचला, खिशात घाला आणि पुढच्या होलकडे चला. ५४ची सवलत असलेल्या माणसाला प्रत्येक होलवर तीन जादा फटके मिळतात. म्हणजे चार पारचा होल त्याने सात फटक्यांत केला तरी पूर्ण दोन गुण. बिघडलेला होल तिथेच संपतो, पुढच्या होलवर त्याची सावली नाही. "हे बरंय," वहिनी म्हणाल्या, आणि दादांकडे न पाहता कपातला चहा ढवळत राहिल्या.

सोमवारी सकाळी आम्ही हिमालयावर गेलो. ओल्ड कोर्सला लागूनच, समुद्राच्या बाजूला, उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे. त्याला गाव 'हिमालय' म्हणते. तो सेंट अँड्र्यूजच्या महिला पटिंग क्लबचा आहे. स्थापना १८६७ची. त्या काळी स्त्रियांनी खांद्यावर हात नेऊन जोराचा फटका मारणे अशोभनीय मानत, म्हणून त्यांना केवळ चेंडू ढकलण्याची ही जागा मिळाली. आज कुणीही थोडे पैसे भरून तिथे खेळू शकतो. पटर आणि चेंडू तिथेच देतात. तीन-चार वर्षांच्या मुलांपासून ऐंशी ओलांडलेल्या बायकांपर्यंत सारे खेळत होते.

मी आधी एकटा चढउतार चालून पाहिला. गवत कोरडे, आखूड. उतार आहेत, पण पाऊल फसत नाही. दादांचा बूट रबरी तळव्याचा. मग पटर त्यांच्या हातात दिला. पाय खांद्यांच्या रुंदीइतके, वजन दोन्ही पायांवर सारखे, डोळे चेंडूवर, मनगट न मोडता खांद्यातून झोका, इतके सांगितले. ते उभे राहिले. वहिनी कोपर धरून उभ्या.

"अगं, कोपर धरलंस तर मारू कसा?"

मी वहिनींना चार पावले मागे, त्यांच्या शस्त्रक्रियेच्या बाजूला उभे केले. एवढे अंतर की तोल गेलाच तर पोहोचता यावे आणि हातात काठी घेतलेल्या माणसाला आपण एकटे आहोत असे वाटावे. वहिनींचा चेहरा मी विसरणार नाही. दादांचा पहिला चेंडू उतारावरून घरंगळत दुसऱ्याच कुटुंबाच्या खळग्यापाशी गेला. तिथल्या आजींनी तो पायाने अडवला आणि काहीतरी बोलून हसल्या. दादा तो आणायला गेले. एकटे, उतारावरून, वीस-पंचवीस पावले. फटका मारायचा होता म्हणून ते चालले; चालायचे होते म्हणून नव्हे. माझ्या दोन वर्षांच्या उपदेशाने जे झाले नव्हते, ते एका चुकलेल्या फटक्याने झाले. सातव्या होलला वहिनींनी स्वतःसाठी पटर मागून घेतला. अठरा होलांनंतर दादांचे ५१ आणि वहिनींचे ४७.

आता ज्यांना खेळावेसे वाटेल त्यांच्यासाठी सामानाविषयी. नियमाप्रमाणे पिशवीत चौदापर्यंत क्लब ठेवता येतात, पण नवशिक्याला पाच-सहा पुरतात: एक हायब्रिड, सात आणि नऊ क्रमांकाचे आयर्न, एक पिचिंग वेज, वाळूतून चेंडू काढायला सँड वेज आणि पटर. तोंड जितके जास्त कललेले, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. सर्वांत लांब फटक्याचा ड्रायव्हर पहिल्या वर्षी विकत घेऊच नका; पाठीचे दुखणे बहुतेकदा त्याच्याच हव्यासातून येते. जुने क्लब निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. वयस्करांनी पोलादी दांड्याऐवजी ग्राफाइटचा हलका दांडा निवडावा, बोटांचे सांधे दुखत असतील तर मूठ जाड करून घ्यावी. चेंडूचे वजन जेमतेम ४६ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी; तेव्हा जोर लावायची गरज नसते. पिशवी खांद्यावर घेऊ नका, ढकलायची चाकांची गाडी घ्या. आणि खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलला असेल तर पटरच्या मुठीला बसणारी रबरी वाटी जरूर घ्या. ती चेंडूवर दाबली की चेंडू चिकटून वर येतो, वाकावे लागत नाही. दादांनी परत आल्यावर सर्वांत आधी तीच मागवली.

पूर्ण फटका सुरू करण्यापूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. अंग पिळताना खुब्यावर आणि कमरेवर ताण येतो. खेळण्याआधी दहा मिनिटे चालून, खांदे आणि कंबर हळूहळू फिरवून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चार तासांची फेरी उपाशीपोटी करू नये, खिशात साखर ठेवावी आणि मध्ये काही खावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर खाली वाकून झटकन उठू नये, भोवळ येते. छातीत दाटले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तो होल पूर्ण करण्याच्या मोहात पडू नका. तिथेच बसा आणि सोबत्याला हाक मारा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर दोन आठवडे विश्रांती. विजेचा कडकडाट ऐकू आला की हातातली काठी खाली ठेवा आणि छपराखाली जा. मोकळ्या मैदानात आपणच सर्वांत उंच असतो.

आपल्याकडे मैदान मिळणे अवघड, हे मी नाकारत नाही. काही गोल्फ क्लबांच्या सराव-मैदानावर सदस्य नसतानाही पैसे भरून बादलीभर चेंडू मारता येतात. आपल्या शहरात चौकशी करावी. पण पटिंगला मैदान लागत नाही. दादांच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली असते, तिच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवलेला असतो आणि रोज सायंकाळी दिवेलागणीपूर्वी दोघे अठरा-अठरा चेंडू मारतात. पहिले काही दिवस वहिनी चेंडू आणून देत. आता ज्याचा चेंडू त्यानेच आणायचा, असा दादांचाच नियम आहे. गुण भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेच्या चौकोनात लिहिले जातात, एकादशी आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या बाजूला. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा महिन्याची बेरीज चालली होती. वहिनी सतरा गुणांनी पुढे होत्या, आणि दादा भाजी आणायला गेले होते.